गायरानावरचे हंस

हंस हा शब्द उच्चारला की मराठी मनासमोर प्रथम उभी राहते ती सरस्वती. तिच्याजवळचा तो शुभ्र पक्षी, दूध आणि पाणी वेगळे करण्याची त्याची कथेतली शक्ती, नलाचा निरोप दमयंतीकडे पोहोचविणारा त्याचा चतुरपणा आणि मानससरोवराची त्याची ओढ, या साऱ्यांमुळे हंस हा आपल्याकडे काव्याचा आणि अध्यात्माचा पक्षी होऊन बसला आहे. भाषेचा इतिहास मात्र थोडी निराळी हकिकत सांगतो. संस्कृतातील ‘हंस’, लॅटिनमधील ‘आन्सेर’, जर्मनमधील ‘गान्स’ आणि इंग्रजीतील ‘गूज’ हे चारही शब्द एकाच प्राचीन शब्दाची लेकरे आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्यात अनेक वर्षे काम केलेले डच पंडित फोगेल यांनी या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला (तो १९६२ साली प्रसिद्ध झाला), आणि भारतीय साहित्यातील व शिल्पातील हंस हा लांब मानेचा, डौलदार ‘स्वान’ नसून बहुतेक ठिकाणी हा ‘गूज’च होय, असे साधार प्रतिपादन केले.

हा पक्षी युरोपच्या खेड्यात कोणाचे वाहन नव्हता. तो गरिबाच्या दारातला पक्षी होता. सकाळी उठून गावच्या गायरानावर चरावयास जाणारा, संध्याकाळी रांगेने घरी येणारा, आणि वर्षाअखेरीस घरधन्याच्या हाती चार पैसे ठेवणारा. त्याच्या पालनाचा इतिहास राजवाड्यांच्या बखरीत फारसा सापडत नाही. तथापि तो नीट वाचला तर त्यातून एक मोठा धडा हाती लागतो. कोणताही नवा उद्योग सुरू करणाऱ्या गरीब माणसाला आधार म्हणून नेमके काय लागते, आणि तो आधार काढून घेतला म्हणजे काय होते, हा तो धडा होय.

मनुष्याने हंस पाळावयास केव्हा सुरुवात केली? चीनमधील तियानलुओशान येथील उत्खननात मिळालेल्या हाडांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तेथे हंस पाळले जात होते असे अनुमान निघते. जगातील पाळीव हंसांची दोन कुळे आहेत. युरोपातील हंस राखी रंगाच्या रानहंसापासून, म्हणजे ‘ग्रेलॅग’पासून आले, आणि चीनमधील हंस लांब मानेच्या पूर्वेकडील रानहंसापासून आले. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात पेनेलोपी राणीच्या घरी वीस हंस आहेत, आणि त्यांना दाणे टिपताना पाहून आपले मन निवते असे ती सांगते. राणीच्या घरीही हंस शोभेसाठी नव्हते, संसाराचा भाग म्हणून होते, हे यावरून दिसते.

हा पक्षी गरिबाला परवडतो याचे कारण त्याच्या आहारात आहे. कोंबडीला दाणा लागतो, डुकराला उष्टेखरकटे लागते. हंस मात्र गाईप्रमाणे गवतावर जगतो. त्याची चोच कातरीसारखी गवत कापते. उन्हाळाभर त्याला चरावयास हिरवे कुरण आणि प्यावयास पाणी मिळाले तर धन्याला दाण्यावर फारसा खर्च पडत नाही. तो काटक असतो, थंडीपावसाला भीत नाही, आणि वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. घराची राखणही करतो. इ. स. पूर्व ३९० मध्ये, असे परंपरा मानते, गॉल लोक रात्रीच्या अंधारात रोमच्या कॅपिटोल टेकडीवर चढू लागले तेव्हा कुत्रे झोपले होते. जूनो देवीला वाहिलेले हंस मात्र ओरडून उठले आणि त्यांनी मार्कस मॅन्लियसला जागे केले. ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र त्या हंसांना रोज चारा घालणाऱ्याचे नाव इतिहासाने नोंदविलेले नाही.

नवख्या पालकाला उपदेश करण्याची परंपरा त्याच रोमन संस्कृतीत सुरू झालेली दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोल्युमेला नावाच्या लेखकाने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या भागात हंसपालनाचे प्रकरण आहे. या पक्ष्याला फार मेहनत लागत नाही, म्हणून तो शेतकऱ्याला सोयीचा, असे तो आरंभीच सांगतो. एका नरामागे तीन माद्या ठेवाव्यात. पिल्ले झाल्यावर पहिले काही दिवस ती आईबरोबर बंदिस्त जागेत ठेवावीत, आणि भिजविलेले पीठ व पाण्यात कालविलेला अळिवाचा बारीक चिरलेला पाला त्यांना द्यावा. त्यानंतर त्याची एक सूचना मोठी मार्मिक आहे. पिल्लांना कधीही उपाशीपोटी चरावयास सोडू नये. भुकेले पिल्लू चिवट गवताला असे काही झोंबते, आणि ते ओढताना इतका जोर करते की त्याची मानच मोडते. ज्याने स्वतः पिल्ले वाढविली, त्यांतली काही गमावली, आणि मग दुसऱ्याचे नुकसान टळावे म्हणून लिहावयास घेतले, अशा माणसाच्या लेखणीतूनच असे वाक्य उतरते. गवताच्या निबर तंतूंनी लहान पिल्लाचा गळा व पोट तुंबते, हे आजचेही पालक जाणतात.

त्याच शतकातील प्लिनीने आणखी एक दृश्य टिपून ठेवले आहे. आजच्या फ्रान्सच्या उत्तर टोकावरून हंसांचे कळप थेट रोमपर्यंत पायी चालत येत. वाटेत जे थकत त्यांना कळपाच्या पुढे आणले जाई, म्हणजे मागच्यांच्या रेट्याने तेही आपोआप चालू लागत. थकलेल्याला मागे न सोडता पुढे घेण्याची ही रीत त्या अनामिक राखणदारांनी कोणत्या पुस्तकात वाचली नव्हती.

रोमन साम्राज्य लयाला गेले, पण हंस राहिला. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन सम्राटाच्या खासगी जमिनींविषयी जी आज्ञापत्रे निघाली त्यांत प्रत्येक मोठ्या वाडीवर किमान १०० कोंबड्या व ३० हंस, आणि लहान वाडीवर ५० कोंबड्या व १२ हंस असावेत, असा दंडक घालून दिला आहे. पुढे मध्ययुगात हंस आणि कुळांचा खंड यांची गाठ पडली. इंग्लंडमध्ये २९ सप्टेंबर हा संत मायकेलचा दिवस खंड भरण्याचा दिवस होता. वसंतात अंड्यातून निघालेले पिल्लू उन्हाळाभर गायरानावर चरे, ऑगस्टमध्ये धान्याची कापणी झाली की शेतात सांडलेले दाणे टिपून अंगाने भरे, आणि नेमके सप्टेंबरअखेर विकावयास तयार होई. कुळे जमीनमालकाकडे खंडाबरोबर एखादा हंस भेट म्हणून नेत. ज्याच्यापाशी स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती, असा माणूसही गावाच्या गवतातून आपल्या खंडाचा काही भाग उभा करू शकत असे.

या उद्योगाचे सर्वांत भरभराटीचे चित्र अठराव्या शतकातील लिंकनशायरमध्ये दिसते. तेथे मैलोगणती दलदलीचा, पाण्याने भरलेला मुलूख होता. १७६९ मध्ये तेथून प्रवास करणाऱ्या टॉमस पेनंटने जे पाहिले ते आज वाचताना नवल वाटते. एकेक माणूस हजार माद्या बाळगी. प्रत्येकीची सात पिल्ले जगली तर हंगामाच्या शेवटी तो आठ हजार हंसांचा धनी होई. अंडी उबविण्याच्या दिवसांत हे पक्षी माणसांच्याच घरात, अगदी निजण्याच्या खोलीतसुद्धा राहात. भिंतीला लागून वेताच्या खुराड्यांच्या तीन ओळी एकावर एक रचलेल्या असत. ‘गॉझर्ड’ म्हणजे हंसांचा राखणदार. तो त्यांना दिवसातून दोनदा पाण्यावर नेई, परत आणी, आणि वरच्या मजल्यावरच्या माद्यांना हाताने उचलून त्यांच्या त्यांच्या घरट्यात बसवी. शेकडो पक्ष्यांत एकीचीही जागा चुकत नसे. हे कसब पुस्तकातून येणारे नव्हते. लहानपणापासून एखाद्या जाणत्याच्या पाठीमागे हिंडूनच ते अंगी येत असे.

या चित्राला एक काळी बाजूही होती. जिवंत हंसांची पिसे वर्षातून पाच वेळा उपटली जात. सहा आठवड्यांच्या पिल्लांनाही पुढची सवय व्हावी म्हणून त्यातून सोडत नसत. पिसांच्या गाद्या आणि पिसांच्या लेखण्या यांची किंमत पक्षी अशा रीतीने भोगत होता. १९९९ साली युरोप परिषदेच्या समितीने जिवंत हंसांची पिसे उपटू नयेत अशी शिफारस केली. हंसांना बळजबरीने चारून त्यांचे यकृत फुगविण्याची जी पद्धत फ्रान्समध्ये रूढ आहे, तिच्यातून निघणाऱ्या पदार्थाची आयात भारताने २०१४ मध्ये बंद केली. इतिहासातले सारेच उचलण्याजोगे नसते, हे नव्या पालकाने आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

लिंकनशायर, नॉरफोक आणि सफोक या परगण्यांतून लंडनकडे व नॉटिंगहॅमच्या जत्रेकडे हंसांचे तांडे पायी निघत. डॅनिएल डेफोने १७२० नंतरच्या दशकात लिहिलेल्या प्रवासवर्णनात हजार-हजार, दोन-दोन हजार हंसांचे तांडे लंडनच्या वाटेवर भेटतात असे म्हटले आहे. ऑगस्टमध्ये ते निघत आणि वाटेतल्या कापलेल्या शेतांत चरत चरत जात. ऑक्टोबर संपता संपता रस्ते चिखलाने भरत आणि त्यांच्या आखूड पायांना चालणे अशक्य होई, तेव्हा ही वाहतूक थांबे. नॉटिंगहॅमची ती जत्रा आजही भरते आणि तिचे नाव आजही हंसांची जत्रा असेच आहे. मात्र ती आता पाळण्यांची आणि खेळांची जत्रा आहे.

मग हे हंस गेले कोठे? याची कारणे अनेक आहेत. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाकाचा पूर लोटला आणि पिसाची लेखणी मागे पडली. नाताळच्या ताटात टर्कीने हंसाची जागा घेतली. दलदलीचा मुलूख जॉन रेनी या अभियंत्याच्या योजनेनुसार कोरडा करून नांगराखाली आणला गेला. परंतु सर्वांत खोल घाव घातला तो गायरानांच्या कुंपणबंदीने.

इंग्लंडमधील खेड्यात गावकीची मोकळी जमीन असे. तिच्यावर कोणाचीही गाय चरू शके, कोणीही सरपण गोळा करू शके, कोणाचेही हंस फिरू शकत. मराठी माणसाला ‘गायरान’ हा शब्द उच्चारला की पुरे, अधिक स्पष्टीकरण नको. या जमिनी पार्लमेंटच्या कायद्याने मोजून, वाटून, कुंपण घालून खासगी मालकीच्या करण्यात आल्या. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि त्यांच्याखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग गेला. यातून धान्याचे उत्पादन वाढले, शेती सुधारली, हे खरे आहे. परंतु ज्याचा हक्क केवळ वहिवाटीचा होता आणि ज्याच्यापाशी कागद नव्हता, त्याच्या वाट्याला बहुधा काहीच आले नाही. आले तर इतके लहान तुकडे, की त्यांना कुंपण घालण्याचा खर्चही त्याला झेपेना.

या बाबतीत आर्थर यंग यांची साक्ष महत्त्वाची आहे. कुंपणबंदीचे ते मोठे पुरस्कर्ते. सरकारी शेती मंडळाचे ते चिटणीस होते आणि गावोगाव हिंडून त्यांनी सुधारित शेतीचा प्रचार केला होता. याच माणसाने १८०१ साली एक पुस्तिका लिहून कबूल केले, की अशा वीस कायद्यांपैकी एकोणीस कायद्यांत गरिबाचे नुकसानच झाले आहे. पडीक जमिनीचा काही भाग गरिबांना गाय पाळण्यासाठी कायमचा राखून ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. पुराव्यासमोर स्वतःचे मत बदलण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी दाखविला; सत्तेवरच्या लोकांनी तो मनावर घेतला नाही.

ऑक्सफर्डजवळ ऑटमूर नावाचे मोठे दलदलीचे गायरान होते. भोवतालची सात खेडी त्यावर गुरे व हंस चारीत. १८१५ साली त्याच्या कुंपणबंदीचा कायदा झाला. ती हवी असणाऱ्यांचा एक युक्तिवाद असा होता, की हंसाची चार पिल्ले आणि दोन रोगट मेंढ्या सांभाळण्यात माणूस आपला दिवस घालवितो, त्यापेक्षा मजुरीला गेला तर अधिक मिळवील. गायरानामुळे त्याला आळसाची सवय लागते. या युक्तिवादात दडलेली गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याच्या दारात हंस आहेत तो माणूस कोणाच्याही मजुरीला ‘नाही’ म्हणू शकतो. हंसांनी त्याला श्रीमंत केले नव्हते, पण नकार देण्याचे बळ दिले होते. आळस म्हणून ज्याची निंदा झाली ते खरे पाहता स्वातंत्र्य होते.

पुढे नदीचा प्रवाह बांध घालून वळविला गेला, पाणी भलतीकडे चढले आणि १८३० मध्ये शेतकऱ्यांनी ते बांध फोडले. न्यायालयात ते निर्दोष सुटले, तेव्हा कुंपणेही बेकायदा ठरली असा गावकऱ्यांनी अर्थ लावला. रात्री तोंडाला काळे फासून लोक कुंपणे मोडू लागले. ६ सप्टेंबर १८३० रोजी सुमारे एक हजार माणसे भरदिवसा गायरानाच्या शिवेवरून चालत गेली आणि वाटेत येणारे प्रत्येक कुंपण त्यांनी पाडले. घोडदळ आले, चाळीसच्या आसपास लोकांना गाड्यांत घालून ऑक्सफर्डच्या तुरुंगाकडे नेण्यात आले. त्या दिवशी ऑक्सफर्डमध्ये जत्रा होती. जत्रेतल्या गर्दीने शिपायांवर विटा-दगडांचा वर्षाव केला आणि सर्व कैदी सोडविले. पण एका दिवसाच्या या विजयाने गायरान परत मिळाले नाही. शेवटी कुंपणे राहिली. हंस चोरणारा तुरुंगात जातो आणि हंसाचे गायरान लाटणारा मोकळा राहतो, अशा आशयाचे एक लोकगीत इंग्लंडमध्ये त्या काळापासून आजवर सांगितले जाते ते उगाच नव्हे.

अशा वेळी विल्यम कॉबेट पुढे आला. तो सरे परगण्यातील एका लहान शेतकऱ्याचा मुलगा. सैन्यात राहिलेला, सरकारवर टीका केल्याबद्दल तुरुंग भोगलेला, स्वतःचे वृत्तपत्र चालविणारा. १८२१-२२ मध्ये त्याने ‘कॉटेज इकॉनॉमी’ ही पुस्तकमाला मजुरांसाठी काढली. झोपडीत राहणाऱ्या माणसाने पाव कसा भाजावा, गाय कशी ठेवावी, डुकरे, मधमाश्या, कोंबड्या कशा पाळाव्यात, याचे त्यात सोप्या भाषेत विवरण आहे. हंसांवरही एक परिच्छेद आहे. हा जगातील अत्यंत काटक प्राण्यांपैकी एक, दीर्घायुषी, पाळावयास सोपा, असे त्याचे कॉबेट कौतुक करतो. नीट ठेवल्यास मादी वर्षाला शंभर अंडी घालील, असे तो उत्साहाच्या भरात लिहितो. हा आकडा नवख्याने खरा धरू नये, कारण बहुतेक जाती वर्षाला त्याच्या निम्मीही अंडी देत नाहीत. फ्रान्समधील लोक हंसाची चार-पाच अंडी मोठ्या खुडूक कोंबडीखाली ठेवतात, अशी उपयुक्त माहितीही तो देतो.

परंतु या सर्व प्रोत्साहनाच्या आरंभीच त्याने एक अट घातली आहे. जेथे हिरवी गायराने आहेत तेथेच हंस ठेवणे फायद्याचे, असे तो स्पष्ट सांगतो. ज्या वर्षी हे छापले गेले त्या वर्षी अशी गायराने एकामागून एक नाहीशी होत होती. पुस्तक मजुराच्या हाती पडले, गायरान त्याच्या हातून निसटले. ज्ञान देणारा भेटला, पण ज्यावर ते ज्ञान वापरावयाचे ती जमीनच उरली नाही. हंसपालनाच्या इतिहासातील शोकांतिका एका वाक्यात सांगावयाची तर ती ही.

विसाव्या शतकात या पक्ष्याकडे पाहण्याची दृष्टी पुन्हा एकदा बदलली. ऑस्ट्रियातील कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. अंड्यातून बाहेर पडल्यावर जी हलती वस्तू पिल्लू प्रथम पाहते तिलाच ते आई समजते आणि पुढे तिच्याच मागे चालते, हे त्यांनी दाखविले. लॉरेन्झ यांच्या मागे रांगेने चालणारी पिल्ले साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिली. १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकात ते भागीदार झाले. पाळणाऱ्यांना ही गोष्ट अनुभवाने पूर्वीपासून ठाऊक होती, शास्त्राने तिला नियमाचे रूप दिले. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात कापसाच्या शेतांत हंस सोडीत असत. ते गवत खात आणि कापसाच्या रोपांना तोंड लावीत नसत. तणनाशक औषधे आली आणि ही पद्धत बव्हंशी मागे पडली. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये दुर्मिळ पाळीव जाती वाचविण्यासाठी एक न्यास स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २००२ साली हंसपालनावर एक सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. कोल्युमेलाचे कार्य अशा रीतीने आजही चालू आहे. आज जगातील हंसांचे बहुतांश उत्पादन एकट्या चीनमध्ये होते.

आधाराची आणखी एक पद्धत या काळात रूढ झाली. स्पेनच्या यादवी युद्धात निर्वासितांना दूध वाटणाऱ्या डॅन वेस्ट या अमेरिकन शेतकऱ्याच्या मनात आले, की वाटीभर दुधापेक्षा या माणसांना गायच का देऊ नये? त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने १९४४ मध्ये पहिल्या कालवडी पाठविल्या. नियम एकच होता. ज्या कुटुंबाला कालवड मिळाली त्याने तिची पहिली मादी वासरू दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यावयाची. पुढे हाच नियम शेळ्यामेंढ्यांना आणि कोंबड्या-बदकांसारख्या पाखरांनाही लागू झाला. यात घेणारा कायमचा याचक राहात नाही; एका वर्षात तो दाता होतो.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. शेळी अर्धेलीने देण्याची चाल आपल्या खेड्यांत जुनी आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि होणारी करडे दोघांत वाटून घ्यावयाची. ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याने आपल्या श्रमाच्या बळावर कळप उभा करण्याची ही वाट आहे.

भारतात हंसपालन नव्हते असेही नाही. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात या देशातील हंसांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणारे एडवर्ड ब्लिथ आणि कॅप्टन हटन यांच्या साक्षीवरून तो सांगतो, की युरोपी आणि चिनी या दोन निराळ्या कुळांच्या संकरातून झालेल्या हंसांचे कळपच्या कळप भारतात ठिकठिकाणी पाळले जातात, आणि ते फायद्यासाठी पाळले जात असल्यामुळे त्यांची वीण चांगली होत असली पाहिजे. दोन भिन्न जातींचा संकर वांझच निघतो, या समजुतीला भारतीय अंगणातील या पक्ष्यांनी छेद दिला. बंगाल व आसाम या प्रांतांत आजही तळ्याकाठच्या घरी ‘राजहाँस’ दिसतो. महाराष्ट्रात मात्र तो कोठे एखाद्या मळ्यावर राखणीसाठी ठेवलेला आढळतो. उजनीसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हा त्याचा हिमालयापलीकडचा रानटी भाऊबंद. तो पाहुणा आहे, पाळीव नव्हे.

आज एखाद्याने नव्याने हंस पाळावयाचे मनात आणले तर दोन हजार वर्षांच्या अनुभवाचे सार त्याला थोडक्यात सांगता येते. एकटे पिल्लू कधी आणू नये. हा समाजप्रिय पक्षी आहे, एकटेपणी तो खंगतो. अंडी उबण्यास सुमारे तीस दिवस लागतात. खुडूक कोंबडी बसविली तर मोठी अंडी तिला उलटविता येत नाहीत, म्हणून ते काम हाताने करावे. आईवेगळ्या पिल्लांना पहिले तीन आठवडे ऊब द्यावी आणि भिजू देऊ नये. आईच्या अंगाच्या तेलाचा लेप नसल्यामुळे त्यांची लव पाणी धरते. कोंबडीच्या पिलांच्या खाद्यावर ती वाढविली तर पाय लुळे पडण्याचा संभव असतो, कारण त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. गवत कोवळे व आखूड असावे आणि त्यावर कीटकनाशक फवारलेले नसावे. मादी पहिल्या वर्षी अंडी थोडी घालते; तिची खरी वीण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. म्हणून पहिल्या वर्षाच्या हिशेबावरून निराश होऊ नये. नवख्याचा उत्साह नेमका याच वर्षी मावळतो, आणि याच वर्षी त्याला शेजारच्या जाणत्याची सोबत हवी असते.

ज्ञान आज दुर्मिळ राहिलेले नाही. ते घरबसल्या मिळते. उरतात त्या दोन गोष्टी. पहिली जोडी देणारा आणि वर्षभर पाठीशी उभा राहणारा माणूस ही एक. चरण्यापुरती हिरवी, सर्वांची अशी जागा ही दुसरी. आपल्या गावांची गायराने कोठे अतिक्रमणाखाली, कोठे अन्य उपयोगासाठी आक्रसत चालली आहेत. भूमिहीन कुटुंबाला शेळी, कोंबडी वा हंस पाळावयास सांगताना, त्या पशुपक्ष्यांनी चरावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर सांगणाऱ्यापाशीही असले पाहिजे. कॉबेटच्या काळात ते कोणापाशीच नव्हते.

ऑटमूरच्या काही भागात १९९७ पासून पक्षिसंरक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेने पाणी पुन्हा साठू दिले आहे. तेथे आता राखी रानहंस उतरतात. ज्या सात खेड्यांच्या लोकांनी कुंपणे पाडली, त्यांच्या अंगणातले हंस मात्र परतले नाहीत. रानपाखरांना परत बोलावण्यास पाणी पुरे होते. पाळलेल्या पाखरांना परत आणावयाचे तर त्यांच्याबरोबर त्यांचा पाळणारा परत यावा लागतो.